किडनीच्या गाठी आणि डोक्यातला फुगा

सोनोग्राफीच्या पडद्यावर माझ्या आतेभावाची किडनी दिसली, पण ती मला किडनी वाटेचना. करड्या पडद्यावर काळे गोल, लहान-मोठे, एकमेकांना चिकटलेले. पंढरपूरकडच्या द्राक्षांचा घडच जणू. बीपी का उतरत नाही म्हणून तपासायला गेलो होतो. आत्या डायलिसिसवर होती, त्यामुळे डॉक्टरांना नवल वाटलं नाही. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र विचित्र वाटला : "घरात कुणी अचानक डोकं दुखून गेलंय का?"

गेले होते. आत्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका. बेचाळिसाव्या वर्षी, मागावर उभे असताना डोकं धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. "बीपी चढलं" एवढंच घरात बोललं गेलं.

हा आजार म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी : किडनीत पाणी भरलेल्या गाठी. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांत दोष १६व्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ जनुकात असतो, काहींत चौथ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-२मध्ये. या जनुकांपासून बनणारी पॉलिसिस्टिन प्रथिनं किडनीच्या नलिकांत असतात, तशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही. टायरच्या आतली जाळी एका जागी तुटली की तिथे फुगा येतो, हे हैदराबाद रोडवरचा कुठलाही टायरवाला सांगेल. मेंदूच्या तळाशी धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताचा मारा जास्त. भिंत कच्ची असली की फुगा तिथेच धरतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात.

सर्वसाधारण शंभर माणसांत दोन-तीन जणांना असा फुगा असतो. पॉलिसिस्टिक किडनीवाल्यांत साधारण दहा जणांना, आणि घरात आधी कुणाचा फुटला असेल तर वीसच्या आसपास. म्हणून तो प्रश्न. फुटतोही लवकर, सरासरी चाळिशीच्या आगेमागे. इतरांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी.

तरी प्रत्येकाचा स्कॅन करत सुटणं मला पटत नाही. सापडणारे बहुतेक फुगे बारीक असतात, सात मिलिमीटरच्या आतले, आणि ते सहसा फुटत नाहीत. उलट फुग्याच्या तोंडाला क्लिप लावणं किंवा आत तारेची गुंडाळी भरणं यालाही धोका आहेच. घरात असा मृत्यू झाला असेल, मोठं ऑपरेशन ठरलं असेल किंवा पेशंट बसचालक असेल, तर मात्र एमआर अँजिओग्राफी, म्हणजे डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करावी. ती कॉन्ट्रास्टच्या (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात त्या औषधाच्या) इंजेक्शनशिवाय होते, त्यामुळे दुबळ्या किडनीलाही चालते.

फुटला तर डोकं मिनिटभरात असं ठणकतं, की आयुष्यात कधी ठणकलं नसेल. उलटी होते, मान ताठते. आमच्याकडे मे महिन्यात याला "ऊन लागलं" म्हणतात आणि कांदा फोडून हुंगायला देतात. अशा वेळी थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायचं. पहिल्या काही तासांत सांडलेलं रक्त त्यात बहुधा दिसतंच.

माझ्या वडिलांची सोनोग्राफी पन्नाशीत स्वच्छ निघाली. चाळिशीनंतर गाठी नसतील तर हा आजार नाही असंच धरतात, त्यामुळे आमच्या घरापुरता तो थांबला.

आतेभावाच्या डोक्यात तीन मिलिमीटरचा एक फुगा निघाला. डॉक्टर म्हणाले, हात लावायचा नाही, ठरल्या वेळी पुन्हा स्कॅन करू, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि बीडी आजपासून बंद. त्याने घरी येऊन उरलेलं बंडल धाकट्या भावाला देऊन टाकलं. धाकट्याची सोनोग्राफी अजून व्हायची आहे.