ऑन-चेन गव्हर्नन्सची पार्श्वभूमी: नियम बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती?

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले, तेव्हा व्यवहार कसे तपासायचे, व्यवहारांच्या गठ्ठ्यांची, म्हणजे ब्लॉकांची, जी साखळी (ब्लॉकचेन) बनते तिला पुढचा ब्लॉक कोणी जोडायचा आणि नवी नाणी किती काढायची हे सारे सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले होते. हेच नियम पुढे बदलावेसे वाटले तर तो निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा, याची तरतूद मात्र त्यात नव्हती. व्यवहारात प्रोग्रामर बदल सुचवत, त्यावर चर्चा होई आणि ब्लॉक बनवणारे मायनर आणि नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, चालवणारे नवी आवृत्ती स्वीकारत किंवा नाकारत. मतभेद किरकोळ होते तोवर ही पद्धत चालली. ब्लॉकचा आकार एक मेगाबाइटच ठेवायचा की वाढवायचा, या वादाला काही वर्षे उलटूनही निकाल लागला नाही आणि अखेर १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइन कॅश हे चलन फुटून वेगळे झाले.

इथेरियम या दुसऱ्या साखळीवर हाच प्रश्न त्याआधीच येऊन ठेपला होता. जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ नावाच्या सामाईक निधीच्या करारातील (म्हणजे साखळीवर चालणाऱ्या कोडमधील) त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे इथेरियमची नाणी, वळवण्यात आले. ते परत मिळवण्यासाठी इतिहासाला हात लावावा की नाही, यावर घाईघाईने कौल घेतला गेला. त्यात सुमारे ८७ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली, पण मतदानात उतरलेले ईथर एकूण ईथरच्या सहा टक्क्यांहूनही कमी होते आणि तो कौल कोणावरही बंधनकारक नव्हता. जुलैमध्ये हार्ड फोर्क, म्हणजे जुन्या आवृत्तीशी न जुळणारा नियमबदल, झाला. तो अमान्य असलेल्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली.

मतदानच साखळीत बसवावे आणि निकाल सॉफ्टवेअरनेच अमलात आणावा, ही ऑन-चेन गव्हर्नन्सची कल्पना या घटनांपूर्वीच मांडली गेली होती. आर्थर ब्राइटमन यांनी २०१४ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या टेझोस या साखळीच्या मसुद्यात ती स्पष्टपणे येते. तिला आधार मिळाला तो प्रूफ ऑफ स्टेकचा. २०१२ मधल्या पीअरकॉइन या चलनापासून रुजलेल्या या पद्धतीत ब्लॉक जोडण्याचा अधिकार विजेच्या खर्चावर नव्हे, तर अडकवून ठेवलेल्या टोकनांवर (साखळीच्या नाण्यांवर) ठरतो. कोणाचे किती टोकन अडकले आहेत याची नोंद साखळीवरच असल्याने मतदारयादी आयतीच तयार असते. माणसे मोजण्याची सोय साखळीजवळ नाही, कारण एकच माणूस हवे तितके पत्ते (खाती) उघडू शकतो. त्यामुळे एक माणूस एक मत हे तत्त्व येथे सुरुवातीपासूनच बाद होते, आणि मला वाटते, या पद्धतीचे पुढचे बहुतेक सगळे वाद याच एका गोष्टीतून निघाले.

टेझोसची मुख्य साखळी २०१८ मध्ये सुरू झाली. तेथे मत एखाद्या निवेदनावर नव्हे, तर नव्या प्रोटोकॉलच्या प्रत्यक्ष कोडवर दिले जाते आणि सर्व फेऱ्या पार पडल्या की तोच कोड ठरल्या वेळी लागू होतो. मे २०१९ मध्ये लागू झालेली ‘अथेन्स’ ही अशी पहिली दुरुस्ती. तिने ब्लॉक बनवण्यासाठी लागणारी किमान ठेव दहा हजारांवरून आठ हजार टेझवर (टेझ म्हणजे तेथील टोकन) आणली.

मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या कॉसमॉस हब या साखळीची रचना अधिक प्रमाणात अनुकरली गेली. तेथे प्रस्ताव मांडणाऱ्याने किंवा त्याच्या पाठीराख्यांनी मिळून अनामत भरायची असते. सुरुवातीला ती ५१२ ॲटम (तेथील टोकन) होती. ती जमली की चौदा दिवस मतदान चालते. स्टेक केलेल्या, म्हणजे अडकवून ठेवलेल्या, टोकनांपैकी किमान ४० टक्के मतदानात उतरावे लागतात आणि तटस्थ मते वगळून निम्म्याहून अधिक मते बाजूने पडावी लागतात. साध्या नकाराखेरीज ‘नकाराधिकारासह नाही’ असाही पर्याय आहे. एकूण मतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मते त्यावर पडली तर प्रस्ताव पडतोच, शिवाय अनामतही नष्ट होते. सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, ज्याने आपले टोकन एखाद्या व्हॅलिडेटरकडे (ब्लॉक तपासून जोडणाऱ्याकडे) सोपवले आहेत त्याने स्वतः मत दिले नाही, तर व्हॅलिडेटरचे मत हेच त्याचे मत धरले जाते. गणसंख्या गाठली जाते ती बहुतांशी यामुळेच. मात्र केवळ परताव्याचा दर पाहून निवडलेला व्हॅलिडेटर अशा रीतीने लोकप्रतिनिधी होऊन बसतो.

टोकनाचा मालक एक आणि ताबा दुसऱ्याकडे, या फटीतून काय घडू शकते हे स्टीम नावाच्या साखळीवर दिसले. या साखळीवर टोकनधारकांच्या मतांनी निवडलेले आघाडीचे वीस साक्षीदार ब्लॉक बनवत. एका खात्याला तीस उमेदवारांना मत देता येई आणि प्रत्येक मताला खात्याचे पूर्ण वजन मिळे, म्हणजेच पुरेसा मोठा साठा असलेल्याला विसाच्या वीस जागा एकट्याने भरता येत. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या साखळीचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट ही स्टीममागची कंपनी विकत घेतली. कंपनीजवळच्या टोकनांच्या मोठ्या साठ्याच्या धास्तीने साक्षीदारांनी त्या साठ्याचा मताधिकार तात्पुरता गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांकडे, म्हणजे टोकनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, ग्राहकांनी ठेवलेले टोकन मतदानात उतरले आणि काही तासांत आघाडीचे सर्व साक्षीदार बदलले. मतदानासाठी अडकवलेले टोकन तेरा आठवड्यांत हप्त्याहप्त्याने सुटत असल्याने ग्राहकांची ठेवही अडकून पडली. नियम कोणीही मोडला नव्हता. साखळीने मते अचूक मोजली होती. २० मार्चला विरोधी गटाने हाइव्ह ही वेगळी साखळी उभारली आणि कंपनीचा तो साठा तिच्यात घेतलाच नाही. नव्याने अडकवलेल्या टोकनांना तीस दिवसांनंतरच मताचे वजन मिळेल, अशी अट हाइव्हने पुढे घातली.

पोल्काडॉट या साखळीने काळाचाच वापर वेगळ्या रीतीने केला. मतदार आपले टोकन निकालानंतर किती काळ अडकवून ठेवायला तयार आहे, यावर मताचे वजन ठरते. काहीच न अडकवणाऱ्याचे मत एक दशांश धरले जाते, तर ३२ ठरावीक मुदतीचे कालखंड अडकवणाऱ्याचे सहापट. एक्स्चेंजला ग्राहकांचे पैसे मागताक्षणी परत द्यावे लागत असल्याने तेवढे वजन मिळवणे तिला परवडत नाही. साखळीचा कार्यकारी कोड साखळीवरच साठवलेला असतो, त्यामुळे मंजूर झालेला बदल लागू करण्यासाठी प्रत्येक नोडवर नवे सॉफ्टवेअर चढवावे लागत नाही. सुरुवातीला येथे निवडून आलेली परिषदही होती. जून २०२३ मध्ये ती रद्द करून सर्व निर्णय सार्वमताकडे सोपवले गेले.

मतदानाने नेमके काय ठरवता येते, याची कसोटी २०२२ मध्ये जुनो या कॉसमॉस कुटुंबातील साखळीवर लागली. एका टोकनधारकाने टोकनांच्या मोफत वाटपाचा गैरफायदा घेतल्याचा आरोप होता, आणि बहुमताने त्याचे जवळपास तीस लाख टोकन काढून घेण्याचे ठरले. अंमलबजावणी आपोआप आणि बिनचूक झाली, पण प्रस्तावात पत्त्याच्या जागी चुकून दुसरीच अक्षरे-अंकांची ओळ चिकटवली गेली होती, म्हणून सारे टोकन कोणाच्याही ताब्यात नसलेल्या पत्त्यावर गेले. शंभराहून अधिक व्हॅलिडेटरांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रूफ ऑफ स्टेक स्वीकारले, तरी प्रोटोकॉलचे बदल तेथे आजही चर्चेनेच ठरतात. इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०१७ च्या अखेरीस टोकनांच्या वजनावर चालणाऱ्या मतदानाविरुद्ध घेतलेली भूमिका याच्याशी सुसंगत आहे. कार्डानो या साखळीने उलट दिशा धरली. सप्टेंबर २०२४ मधील ‘चँग’ आणि जानेवारी २०२५ मधील ‘प्लोमिन’ या हार्ड फोर्कनंतर तेथे टोकनधारकांचे प्रतिनिधी, स्टेक पूल (अनेकांचे टोकन एकत्र करून ब्लॉक बनवणारे गट) चालवणारे आणि घटनेशी विसंगत प्रस्ताव अडवणारी एक समिती, असे तीन घटक अधिकार वाटून घेतात. ब्लॉक बनवण्यासाठी निवडलेला पूल आणि मतदानासाठी निवडलेला प्रतिनिधी या तेथे दोन स्वतंत्र निवडी आहेत.