ठिगळाच्या समोरची भिंत

"लहानपणी हार्टचं ऑपरेशन झालंय, आता काही त्रास नाही," असं पस्तिशीतली माणसं बिनधास्त सांगतात. महाधमनीच्या कोआर्क्टेशनच्या बाबतीत हे अर्धंच खरं असतं.

या आजारात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच एका जागी आवळलेली असते, बहुधा डाव्या हाताकडे जाणारी धमनी जिथे फुटते त्याच्या जरा पुढे. हातात रक्तदाब चढलेला, आणि जांघेतली नाडी बोटाला जेमतेम लागते. स्टॉकहोमचे सर्जन क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९४४ साली आवळलेला तुकडा कापून दोन्ही टोकं शिवली. पुढे त्याहून सोपी वाटणारी पद्धत आली: धमनी उभी चिरायची आणि चिरेवर डॅक्रॉन या कृत्रिम कापडाचं ठिगळ लावून ती रुंद करायची.

गोम इथेच होती. धमनीची भिंत दर ठोक्याला ताणली जाते, डॅक्रॉन तेवढं ताणलं जात नाही. मग सगळा ताण ठिगळाच्या समोरच्या भिंतीवर येतो आणि ती वर्षानुवर्षं फुगत जाते. बहुतेकांना काहीच कळत नाही. कुणाचा आवाज बसतो, कारण स्वरयंत्राची नस त्या फुगवट्याखाली दबते. कुणाला खोकताना रक्त पडतं. तसं झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

हा फुगवटा दुरुस्त करायला पुन्हा छाती उघडणं जिकिरीचं. फुप्फुस जुन्या जखमेला चिकटलेलं असतं, ते सोडवतानाच रक्तस्राव होतो. म्हणून आतून दुरुस्ती: धमनीच्या पोकळीत कापडी नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवायचा. छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट खारकीवमध्ये सर्जन निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्येच बसवला होता, पण सोव्हिएत संघाबाहेर त्याची फारशी कुणाला खबर नव्हती.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेतात. तिच्यात मिटलेल्या छत्रीसारखा स्टेंट ग्राफ्ट असतो: धातूची जाळी आणि तिच्यावर कापड. एक्स-रेच्या पडद्यावर जागा जुळली की नळी मागे ओढतात आणि ग्राफ्ट उघडतो. त्या क्षणी रक्ताच्या लोंढ्याने तो पुढे सरकू नये म्हणून कधीकधी पेसमेकरच्या तारेने हृदय मुद्दाम इतकं जलद चालवतात, की काही सेकंद रक्तदाब पार खाली येतो. नंतर रक्त ग्राफ्टमधून वाहतं, फुगवट्यावरचा दाब उतरतो.

हे वाटतं तितकं सरळ नाही. ग्राफ्टला पकड मिळायला निरोगी भिंत लागते. ती अपुरी असली तर डाव्या हाताच्या धमनीचं तोंडच झाकावं लागतं, आणि त्याआधी मानेतल्या धमनीतून तिला बायपास द्यावा लागतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला तर पाय लुळे पडू शकतात. शिवाय हे ग्राफ्ट मुख्यतः म्हाताऱ्या, रुंद धमन्यांसाठी घडवलेले. इथे पेशंट तरुण, धमनीची कमान अरुंद आणि टोकदार. त्यामुळे ग्राफ्ट बसवल्यावरही सीटी किंवा एमआरआयच्या फेऱ्या जन्मभर चुकत नाहीत.

अशा पेशंटचा रक्तदाब उजव्या हातावर मोजायचा. काहींच्या लहानपणच्या ऑपरेशनमध्ये डाव्या हाताची धमनीच दुरुस्तीसाठी वापरलेली असते. त्या हातावरचा आकडा खोटा दिलासा देतो. नेमकं काय केलं होतं ते जुन्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते आईच्या कपाटात सापडलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्यावं.