तुटक्या पट्टीचं गणित

साकीनाक्याच्या एका गाळ्यात, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, नवा लागलेला पोरगा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, मोजत होता. गाव रत्नागिरीकडचं, दहावी झालेली. स्टीलच्या पट्टीचं टोक झिजून गोल झालेलं, म्हणून मिस्त्री म्हणाले, "दहावरनं धर." त्याने धरलं, दुसरं टोक बघितलं आणि सांगितलं, "पंचावन्न." मिस्त्री हसले. "मग दहा कोण वजा करणार, मी?" जॉब 45 मिलिमीटरचा होता.

चूक त्याच्या एकट्याची नाही. 1995 मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीने 2023 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना हेच विचारलं होतं. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे 85 टक्के जणांनी लांबी बरोबर सांगितली. तीच पट्टीवर पुढे सरकवली, तर फक्त 39 टक्के.

असं का होतं? पट्टीवरचा आकडा म्हणजे लांबी नव्हे. शून्यापासून किती घरं ओलांडली, त्याचा तो हिशेब. माप असतं दोन रेघांमधल्या जागेचं. पण सुरुवात शून्यावर असली की समजून मोजणारा आणि नुसता शेवटचा आकडा वाचणारा, दोघांचं उत्तर एकच येतं. मार्क दोघांनाही. गंमत म्हणा की फसवणूक, पेपरात हा फरक कुणाला दिसतच नाही. काही मुलं तर घरांऐवजी रेघा मोजतात: 2 ते 6 मध्ये त्यांना पाच सापडतात.

उलटंही घडतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती तोंडी करत होती, शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात मात्र अडत होती. म्हणजे एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप चालत जात नाही. कौशल्य प्रशिक्षणाच्या घोषणांत नेमकं हेच विसरलं जातं, असं मला वाटतं.

यावरचा एक उपाय अगदी स्वस्त आहे. मुलांना कागदाच्या पट्टीवर स्वतः घरं आखायला लावायची, मग तिचं टोक फाडून टाकायचं आणि म्हणायचं, आता मोजा.

गाळ्यातला व्हर्नियर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन, जबडे मिटले तरी 0.04 मिलिमीटर दाखवतो. तेवढं प्रत्येक मापातून वजा करावं लागतं. पोरगा आता जॉबला हात लावण्याआधी जबडे मिटून बघतो.