आमदारकीची पहिली पायरी नगरसेवकपदच असते का?

‘आमदार व्हायचं तर आधी सरपंच, नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य असावंच लागतं.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिकच आहे. आपल्या माहितीतले बरेच आमदार खरंच त्याच वाटेनं वर आलेले असतात. पण ती वहिवाट झाली, कायदा नव्हे.

राज्यघटनेचं कलम १७३ काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. भारताचं नागरिकत्व, ठरलेली शपथ आणि विधानसभेसाठी वय किमान २५ (विधान परिषदेला ३०). १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, त्या राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. राखीव जागेसाठी अर्थात त्या प्रवर्गातला उमेदवार लागतो. आधीच्या पदाबद्दल मात्र अवाक्षर नाही. आणि हो, पदवीबद्दलही नाही.

तिकीट देताना पक्ष अनुभव बघतात, पण तो त्यांचा हिशेब. अपक्षाला दहा सूचक मिळाले, अनामत भरली आणि अर्ज नीट असला की पुरे.

अजून शंका असेल तर निवडणुकीत उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र वाचा. ते सगळ्यांना पाहता येतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, व्यवसाय सगळं विचारलेलं असतं. ‘याआधी कोणत्या पदावर निवडून आलात’ असा रकाना सापडत नाही.