मूकाभिनयाचे शिक्षण चेहरा झाकून सुरू झाले

विद्यापीठांच्या युवा महोत्सवासाठी मूकाभिनय बसवताना आपले लक्ष आधी पांढऱ्या रंगाकडे आणि चेहऱ्यावरच्या हावभावांकडे जाते. ज्या पॅरिसमध्ये ही कला शिकवण्याची आधुनिक पद्धत घडली, तिथे मात्र पहिला पाठ चेहरा झाकण्याचा होता.

दिग्दर्शक जाक कोपो यांनी १९१३ मध्ये तिथे व्ह्यू-कोलोंबिए नाट्यगृह सुरू केले. तालमीत एक अभिनेत्री पार अवघडून गेली, तेव्हा त्यांनी तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि तिचे शरीर मोकळे झाले. पुढे त्यांच्या शाळेत चेहरा झाकून, न बोलता काम करणे हा अभ्यासाचाच भाग झाला.

१९२३ मध्ये त्या शाळेत आलेल्या एत्येन दक्रू यांनी हा धागा आयुष्यभर सोडला नाही. डोके, मान, छाती, कंबर, ओटीपोट असा एकेक भाग ते सुटा हलवायला लावत. आधी फक्त डोके कलवायचे, मान जागेवर. मग मानेसह, मग छातीसह, असे खाली उतरायचे. नवख्याचे डोके कलले की मानही ओढली जाते, कारण एरवी आपण दोन्ही एकदमच वापरतो.

सगळ्यांना ठाऊक असलेली अदृश्य भिंतही याच सुटेपणावर उभी राहते. सैल तळवा भिंतीला टेकताक्षणी सपाट होतो आणि हवेतला तो बिंदू सोडत नाही. शरीर पुढे सरकले तर कोपर दुमडते. तळवा हलत नाही. चुकते ते इथेच: वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना खांदा हाताला ओढतो आणि भिंत डुलते. उपाय साधा आहे. खऱ्या भिंतीवर खडूने खूण करायची, तळवा तिच्यावर ठेवून पावले टाकायची, मग भिंतीपासून दूर येऊन तेच करायचे.

दक्रूंचे शिष्य मार्सेल मार्सो यांनी १९४७ मध्ये ‘बिप’ हा पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक साकारला आणि पांढरा चेहरा जगभर पोहोचला. तो रंग मुळात एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मूकनाट्यातल्या पिएरो या पात्राचा.

हसवण्याचे शिक्षण जाक लकॉक यांनी वेगळ्या वाटेने नेले. ते मूळचे व्यायामशिक्षक. इटलीत पादुआच्या आमलेतो सार्तोरी यांच्यासोबत त्यांनी चामड्याचा तटस्थ, म्हणजे कोणताही भाव नसलेला, मुखवटा घडवला आणि १९५६ मध्ये पॅरिसला शाळा काढली. हा मुखवटा चेहऱ्याहून किंचित मोठा असतो. चिकटून बसला तर काम करत नाही. तो अभ्यासक्रमाच्या आरंभी येतो, विदूषकाचे लाल नाक अगदी शेवटी. विदूषकाचा शोध घेताना लकॉक यांनी विद्यार्थ्यांना एकेक करून सर्वांना हसवायला सांगितले. कोलांट्या झाल्या, कोट्या झाल्या, कुणी हसेना. हिरमुसून विद्यार्थी जागेवर बसायला वळले, तेव्हा वर्ग हसू लागला.