शाब्ली वाइनचा आस्वाद

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, उत्तर टोकाला योन विभागात शाब्ली हे छोटे गाव आहे. त्याच्या परिसरात फक्त शार्दोने द्राक्षापासून बनणारी, गोडवा नसलेली पांढरी वाइन त्याच नावाने ओळखली जाते. तरतरीत आंबटपणा आणि ‘खनिज’ चव ही तिची ख्याती. नावाचा हक्क १९३८ पासून कायद्याने या परिसरापुरता राखलेला असला, तरी अमेरिकेत कोणत्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला बिनदिक्कत ‘शाब्ली’ म्हणण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे चालली.

बाराव्या शतकात जवळच्या पाँतिन्यी मठातील सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी येथे द्राक्षमळे जोपासले. इथली थंडी वेलीला जेमतेम सोसणारी. एप्रिलमध्ये वेलीच्या कोवळ्या डोळ्यांवर (अंकुरांवर) हिमकण पडले तर पीक हातचे जाते. म्हणून शेतकरी रात्रभर मळ्यात शेगड्या पेटवतात किंवा वेलींवर चक्क पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि बर्फाच्या कवचाआडचा डोळा वाचतो. याच थंडीमुळे द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतले आम्ल टिकून राहते.

आस्वाद घेताना वाइन साधारण १० ते १२ अंश सेल्सियसला असावी. त्याहून गार असेल तर वास मिटून जातो. सुरुवातीला हिरवे सफरचंद, लिंबाची साल, मग ओला दगड, शिंपले असे वास येतात. आंबटपणा जोखायची खूण सोपी आहे. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंनी किती लाळ सुटते आणि किती वेळ सुटत राहते, ते पाहावे. चिंच नुसती पाहिली तरी तोंडाला पाणी सुटते, आणि वाइनमधले मुख्य आम्ल चिंचेतलेच, टार्टारिक. दुसरे मॅलिक, कच्च्या सफरचंदातले. बहुतेक शाब्लीत जिवाणूंच्या क्रियेने त्याचे दह्यातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात, नाहीतर पिणाऱ्याचे दात आंबतील.

‘खनिज’ चवीचे कोडे मात्र अवघड आहे. इथली उत्तम जमीन किमेरिजियन काळातील, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची. या चुनखडीयुक्त मातीत स्वल्पविरामासारखा बाक असलेल्या इवल्याशा कालवांचे (शिंपल्यातल्या समुद्री जीवांचे) जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. ढेकूळ फोडले की ते उघड्या डोळ्यांना दिसतात. त्यामुळे वाइनमधला शिंपल्याचा वास थेट याच कालवांचा, अशी कथा सहज रुजली. ती मोहक आहे, पण खरी नाही. मुळे दगडाची चव शोषत नाहीत, पाण्यात विरघळलेली मूलद्रव्ये शोषतात. वाइनमध्ये ती इतकी कमी उरतात की जिभेला कळत नाहीत. भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा वास बहुधा किण्वनात, म्हणजे रस आंबताना, तयार होणाऱ्या गंधकयुक्त संयुगांचा असतो. बाकीची छाप भरपूर आम्ल, फळांचा बेताचा सुगंध आणि लाकडी पिंपाचा अभाव यांतून उमटते. अनेक उत्पादक पोलादी टाक्याच वापरतात. ‘खनिज’ हे उपमेचे नाव आहे, घटकाचे नव्हे. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला आपण मातीचाच म्हणतो, आणि तोही मुख्यतः मातीतल्या जिवाणूंचा असतो.

प्रतीनुसार खालून वर चार पायऱ्या आहेत: पेती शाब्ली, शाब्ली, प्रीमियर क्रू आणि ग्राँ क्रू. ग्राँ क्रूचे सात मळे गावाजवळच्या सरँ नदीच्या उजव्या तीरावरील एकाच टेकडीवर, जेमतेम १०० हेक्टरांत आहेत. ले क्लो त्यांत सर्वांत मोठा. चांगल्या वर्षीची ग्राँ क्रू बाटली दहा वर्षे ठेवली की लिंबाच्या जागी मध आणि वाळल्या गवताचा वास येऊ लागतो. नवशिक्याने मात्र आधी साधी शाब्लीच घ्यावी. तिच्यात आंबटपणा उघडा दिसतो.

नाशिकच्या वाइनशी तुलना केली की हवामानाचा हात कळतो. तिथे द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. उन्हात मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, म्हणून पांढऱ्या वाइनची द्राक्षे वेळेवर, शक्यतो पहाटेच्या गारव्यात उतरवावी लागतात. उष्ण प्रदेशांत वरून टार्टारिक आम्ल मिसळण्याचीही रीत आहे.

फ्रान्समध्ये शाब्लीसोबत कच्ची कालवे खातात. कोकणातल्या तिखट, मसालेदार कालवांपुढे ती दबून जाते.