एकाच चाचणीत दोन औषधांचा निकाल

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन केंद्रात कर्करोगावरच्या उपचारांच्या चाचण्या चालतात. अशा चाचणीला होकार देणारा रुग्ण फार मोलाचं काही देत असतो. त्याच्या सहभागातून मिळतील तेवढी उत्तरं मिळवायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. फॅक्टोरियल रचना, म्हणजे एकाच चाचणीत दोन उपचार एकेकटे आणि एकत्र तपासणं, त्यासाठीच आहे.

तिचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८८ साली प्रसिद्ध झालेली ‘आयसिस-२’. हार्ट अटॅकची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांचे चार गट केले: अ‍ॅस्पिरिन, गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, दोन्ही औषधं आणि नुसता प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ उपचार. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू प्लासिबो गटात १३.२ टक्के होते. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने १०.७, नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजने १०.४ आणि दोन्हींनी ८ टक्के. अ‍ॅस्पिरिनच्या हिशेबात ते घेणारे आणि न घेणारे असे सगळे रुग्ण मोजले जातात, स्ट्रेप्टोकायनेजच्या हिशेबात तेच पुन्हा. दोन स्वतंत्र चाचण्यांना जवळपास दुप्पट माणसं लागली असती.

पण एक औषध दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नसेल, तरच हा हिशेब खरा. ‘आयसिस-२’मध्ये अ‍ॅस्पिरिनने एकट्याने मृत्यू सुमारे १९ टक्क्यांनी घटवले आणि स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला सुमारे २३ टक्क्यांनी, फरक किरकोळ. समजा, अ‍ॅस्पिरिन एकटं असतानाच लागू पडलं असतं, तर स्ट्रेप्टोकायनेज घेणारे आणि न घेणारे यांची मिळून काढलेली सरासरी कुणालाच लागू झाली नसती. अशी ढवळाढवळ, म्हणजे आंतरक्रिया, पकडायला, ती मूळ परिणामाएवढी मोठी असली तरी, साधारण चौपट रुग्ण लागतात. म्हणून ‘आंतरक्रिया आढळली नाही’ या वाक्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. चारही गटांचे आकडे वेगवेगळे पाहतो. शिवाय दोन्ही औषधं चालतील असेच रुग्ण घ्यावे लागतात, त्यामुळे निवड आक्रसते.

ठाण्या-नवी मुंबईत शुगर आणि बीपीच्या गोळ्या एकत्र घेणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्याशी थेट संबंध असलेली चाचणी म्हणजे अमेरिका-कॅनडातली ‘अ‍ॅकॉर्ड’. तिच्यात टाइप २ मधुमेहाचे १०,२५१ रुग्ण होते. सगळ्यांवर साखरेच्या उपचाराची आणि त्यातल्याच काहींवर रक्तदाबाच्या उपचाराचीही चाचणी चालू होती. साखर फार खाली आणण्याच्या गटात मृत्यू वाढल्याने २००८ मध्ये तो उपचार थांबवला आणि त्या रुग्णांना नेहमीच्या उपचारावर आणलं. रक्तदाबाची चाचणी मात्र चालू राहिली. तिचा निकाल २०१० मध्ये आला, तेव्हा तिच्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा साखरेचा उपचार मधेच बदललेला होता.